लांब उभं राहण्याचा पगार

प्लेनो, टेक्सास
१७ जून २००१

चि. बुद्धभूषण यास आजीचा जय भीम.

हे पत्र मी सांगते आहे आणि तुझी आई लिहिते आहे. तेव्हा अक्षर चांगलं दिसलं तर ते तिचं, आणि अक्कल दिसली तर ती माझी. (निवाडा वाचणाऱ्याने करावा. – लिहिणारी)

बघ, तिने मध्येच काहीतरी खरडलं. मला वाचता येत नाही, पण मी गप्प बसल्यावरही पेन चालत होतं, एवढं दिसतं मला.

फोन असताना पत्र काहून, असं तू म्हणशील. फोनवर तू 'हो आजी, जेवलो आजी' म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र मला पुन्हा पुन्हा वाचून घेता येतं. शिवाय फोनवर खोटं पटकन निघतं तोंडातून. लिहायला बसलं की माणसाला जरा तरी लाज वाटते.

तुला बेसबॉलच्या एका संघाने निवडलं हे तुझ्या बाबांनी सांगितलं. मी म्हटलं, पेढे वाटू. ज्ञानदेव म्हणाला, "आई, थांब. दरवर्षी हजारावर पोरं निवडतात आणि आपला बराच खाली आहे. आधी टेनेसीतल्या छोट्या संघात खेळेल, मग त्याहून जरा मोठ्या, असं करत करत वर जाईल. बहुतेक जण जात नाहीत." बापाचं काळीज कसं असावं ते तुझ्या बापाकडून शिकावं.

मग मी विचारलं, पोरगा करणार काय नेमकं? तो म्हणाला, आउटफिल्डर आहे. म्हणजे? म्हणजे मैदानात सगळ्यात लांब उभा राहतो, चेंडू आला की पकडतो. आणि नाही आला तर? नाही आला तर उभाच राहतो.

बाबा रे, माझ्या वडिलांना गावच्या विहिरीपासून लांब उभं करायचे. माझ्या भावाला वर्गाच्या दाराबाहेर बसवायचे. त्यांना कोणी फुटकी कवडी दिली नाही. तुला लांब उभं राहायचा पगार मिळणार. घराण्याची प्रगती म्हणतात ती हीच.

मी तरी कुठे जवळ होते? छप्पन साली दीक्षाभूमीवर गेले तेव्हा तुझा बाप माझ्या कडेवर, दोन वर्षांचा, रडून लाल झालेला. त्याला घेऊन इतकी मागे उभी होते की बाबासाहेब दिसलेच नाहीत. भोंग्यातून आवाज आला तेवढा ऐकला. आता ज्याला विचारावं तो म्हणतो, आम्ही अगदी समोर होतो. सगळेच समोर होते तर मागे मी एकटीच होते म्हणायची. म्हणून माझं ठरलं आहे, पन्नासावं वर्ष येईल तेव्हा पुढे जाऊन उभी राहणार. अजून पाच वर्षं आहेत. तोवर इथल्या एसीच्या गारठ्यात आणि तुझ्या आईच्या मायक्रोवेव्हच्या अन्नावर टिकले म्हणजे झालं. (मायक्रोवेव्हमध्ये फक्त गरम करतात. – लिहिणारी)

एक काम कर. बॅट फुटली की फेकू नको, इकडे पाठव. माझं लुगडं मी मशीनमध्ये टाकू देत नाही, टबात धुते. आणि या देशात सगळं मिळतं, कपडे बडवायची मोगरी मिळत नाही.

तुझी आजी


टेनेसी
२९ जुलै २००१

प्रिय आजी,

जय भीम. पार्सल मिळालं असेल. दोन बॅटी आहेत, दोन्ही फुटक्या. आणखी फुटतील, काळजी करू नकोस. तुझ्या लुगड्यांच्या दृष्टीने मी उत्तम खेळाडू आहे.

खेळाचं सांगतो. दहा वेळा बॅट घेऊन गेलो तर दोनदा जमतं, आठदा मान खाली घालून परत येतो. या खेळात दहातून तीनदा जमलं की माणूस मोठा होतो. म्हणजे मला फक्त एकच कमी पडतं. आमचे कोच म्हणतात, त्या एकासाठी लोक अख्खा जन्म घालवतात.

सरळ आलेला चेंडू मी मारतो. वळणारा चेंडूही मला दिसतो, फक्त तो गेल्यावर. पण लांबून फेकणं मात्र सगळ्यांना आवडलं. कुठे शिकलास विचारतात. मी सांगतो, बारा वर्षांचा होईपर्यंत नागपूरला कस्तुरचंद पार्कवर क्रिकेट खेळायचो. मोठी पोरं बॅट देत नसत, सीमारेषेवर उभं करत. त्यामुळे लांब उभं राहण्याचा माझा अनुभव पगाराच्या आधीपासूनचा आहे.

जिच्याकडे राहतो ती म्हातारी बाई चांगली आहे. तिने मला 'स्पायसी' म्हणून जे वाढलं त्यात मिरी होती. मी डोळ्यांत पाणी आणून दाखवलं. तिला फार आनंद झाला.

तुझा
भूषण


प्लेनो
२१ एप्रिल २००२

चि. भूषण, जय भीम.

माझ्या हातून एक गाढवपणा झाला आहे. तुझी आई आठवडाभर तोंड फुगवून आहे, म्हणजे माझ्या बाजूने बोलणारं घरात कोणी नाही. तेव्हा तूच ऐक.

गेल्या रविवारी जयंतीचा कार्यक्रम झाला. हॉल भाड्याने घेतला होता, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणलेला. भाषणं झाली आणि मग नेहमीप्रमाणे कोणाची मुलं काय करतात त्याचा पाढा सुरू झाला. एकाचा इंटेलमध्ये, एकाची वकील. फ्रिस्कोहून एक बाई येतात, त्यांचा मुलगा डॉक्टर. कशाचा डॉक्टर ते त्या दरवेळी नव्याने सांगतात. त्यांनी माझ्या ताटात भात वाढता वाढता विचारलं, "आणि आजी, तुमचा नातू अजून चेंडूच फेकतो का हो?"

अजून. त्या 'अजून'नेच माझं डोकं फिरलं. मी उठले, माइकपाशी गेले. मंडळातला दिगंबर आभार मानत होता, त्याच्या हातातून माइक घेतला आणि सांगून टाकलं, "माझा नातू मोठ्या मैदानात उतरल्याशिवाय मी नागपूरला पाय ठेवणार नाही."

टाळ्या झाल्या. खाली बसले आणि मग माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते. आपण दीक्षा घेतली तेव्हा नवस-सायास सगळे सोडले. सेहेचाळीस वर्षं मी एक नवस केला नाही. पोरं आजारी पडली, केला नाही. नवरा गेला, केला नाही. आणि आता, फ्रिस्कोच्या बाईच्या भातापायी, भर जयंतीत, माइकवरून! भंतेजी समोर बसून हसत होते.

(मी त्यांना म्हटलं, लोक विसरतील. तर म्हणाल्या, "लोक विसरतील, मी नाही विसरणार. शब्द माझा आहे." – लिहिणारी)

तेव्हा बाळा, सावकाश खेळ, पण २००६च्या दसऱ्याच्या आत मोठ्या मैदानात उतर. नाहीतर दीक्षाभूमीवर सगळे पुढे, आणि मी यावेळी मागेसुद्धा नाही, थेट टेक्सासात.

आजी


न्यू मेक्सिको
८ ऑगस्ट २००३

प्रिय आजी,

पत्ता बदलला आहे. माझी अदलाबदल झाली. आमच्या संघाने मला दुसऱ्या संघाला दिलं, आणि बदल्यात त्यांना मिळाला 'एक खेळाडू, ज्याचं नाव नंतर कळवण्यात येईल'. मी गंमत करत नाही, असंच लिहिलेलं असतं. म्हणजे मी कोणाच्या बदल्यात गेलो हे मलाही माहीत नाही. तो बिचारा आत्ता कुठेतरी बसून मजेत जेवत असेल. त्याला कल्पना नसेल की आपली किंमत मी आहे.

नवीन संघात शर्ट मिळाला. पाठीवर आधीच्या माणसाचं नाव होतं. ते उसवलं, पण अक्षरांच्या खुणा राहिल्या. लांबून पाहणाऱ्याला वाटतं मी दोन माणसं आहे. फलंदाजी दोघांची मिळून एकाएवढी होते.

तू माइकवर बोललीस ते विसरलो नाही. या वर्षी दहातून अडीचदा जमतं आहे.

तुझा
भूषण


प्लेनो
१४ सप्टेंबर २००३

चि. भूषण, जय भीम.

तुझं पत्र तुझ्या आईने वाचलं तेव्हा मी पोट धरून हसले आणि ती डोळे पुसत होती. एकाच कागदात दोघींना दोन पत्रं मिळाली.

नाव नंतर कळवण्यात येईल, यात रडण्यासारखं काय आहे? माझं लग्न ठरलं तेव्हा बोलणी झाली ती माझ्या थोरल्या बहिणीची, कौतिकाची. ऐन वेळी तिला देवी आल्या आणि मला उभं केलं. तुझ्या आजोबांना लग्नानंतर नाव कळलं. चाळीस वर्षांवर संसार झाला. तेव्हा त्या संघाला म्हणावं, ठेवा पोराला, हळूहळू आवडेल.

कौतिका फोन करते नागपूरहून, आपल्या इंदोऱ्याहून. तिची खोली आणि माझी खोली एकाला लागून एक. माझ्या खोलीत आता तिने गॅसचं रिकामं सिलिंडर आणि कोणाचा तरी कूलर ठेवला आहे. म्हणते, "पन्नासाव्याला येशील ना? आपण आदल्या संध्याकाळीच जाऊन जागा धरू, अगदी पुढे." मी म्हटलं, येते. नातवाचं तेवढं आटोपलं की येते.

मोगऱ्या दोन झाल्या. तिसरी चटणी कुटायला ठेवीन.

आजी


ओमाहा, नेब्रास्का
२५ सप्टेंबर २००५

प्रिय आजी,

बरेच दिवसांत लिहिलं नाही, रागावू नकोस. मोसम संपला. आता मी मोठ्या संघाच्या फक्त एक पायरी खाली आहे. इथून वर फक्त तेच. खांदा थोडा दुखतो. फेकताना नाही, फेकून झाल्यावर.

ऑगस्टात संघाच्या कामासाठी दोन दिवस बाहेरगावी जाऊन आलो. हवा छान होती. बाकी विशेष काही घडलं नाही.

इथे रॉय नावाचा एक म्हातारा येतो. स्काउट आहे. म्हणजे गावोगाव फिरून पोरांचा खेळ पाहायचा आणि कोण पुढे जाईल ते संघाला कळवायचं. स्वतः तो माझ्याइतकाच नावाजलेला खेळाडू होता, म्हणजे कोणी ओळखत नाही. तो मला म्हणाला, "तुला मारता येत नाही, पण दुसऱ्याला मारता येईल का हे तुला माझ्याआधी कळतं. माझ्या जागी ये." मी म्हटलं, अजून नाही. पुढच्या वर्षी नक्की वर जाईन. तुला शब्द पाळायचा आहे ना.

तुझा
भूषण


प्लेनो
१६ ऑक्टोबर २००५

चि. भूषण, जय भीम.

बाहेरगावची हवा छान होती हे ऐकून बरं वाटलं. कुठलं गाव ते तू लिहिलं नाहीस, आणि मी विचारत नाही. (इथे मला काही लिहायचं होतं. मनाई आहे. – लिहिणारी)

खांद्याला तिळाचं तेल लाव. तुझी आई म्हणते डॉक्टरला दाखव. तेल लावून दाखव.

तू खेळ. तुला जितका खेळायचा तितका खेळ, माझ्याकडे बघू नको. मला नागपूरची काही घाई नाही. इथे सगळं बरं आहे. एसी आहे. तुझ्या आईचा मायक्रोवेव्हही आता चवीला लागला आहे. कौतिका म्हणाली, पुढच्या दसऱ्याला पन्नास पुरी होतात. मी तिला म्हटलं, गर्दी फार असेल गं, म्हाताऱ्या माणसाने टीव्हीवर बघावं.

आजी


फार्गो, नॉर्थ डकोटा
१६ जुलै २००६

प्रिय आजी,

नवा पत्ता. ओमाहाने मार्चमध्ये सोडलं. हे आईला सांगितलं होतं, तुला सांगू नको म्हटलं होतं, म्हणजे तुला माहीत असणारच. इथला संघ कोणत्याच मोठ्या संघाचा नाही. स्वतःचाच आहे. दोन डावांच्या मधे डुकरांची शर्यत लावतात. परवा प्रेक्षक डुकरांसाठी आले होते हे मला टाळ्यांवरून कळलं.

खांद्यात इंजेक्शन घेतो आणि खेळतो. रॉयचा दोनदा फोन आला. ऑगस्ट संपेपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाला, नंतर दुसऱ्याला देणार. मी अजून नाहीच म्हटलं आहे. इथूनही लोकांना वर बोलावतात, कधीतरी. तू थांबली आहेस हे लक्षात आहे. तुला दसऱ्याच्या आत मोकळं करतो.

तुझा
भूषण


प्लेनो
६ ऑगस्ट २००६

प्रिय भूषण,

हे पत्र आजींनी सांगितलेलं नाही. आजी टबात लुगडं बडवत आहेत आणि मी गॅरेजमध्ये, गाडीत बसून लिहिते आहे. पाच वर्षं मी तुमच्या दोघांमधलं पेन आहे. आज पेन स्वतःहून बोलणार आहे, आणि चिडून बोलणार आहे.

तुझी ऑगस्टची छान हवा आम्ही पाहिली. मागच्या वर्षी एका संध्याकाळी बाबांच्या ऑफिसातल्या गिरीशचा फोन आला, "टीव्ही लावा, टीव्ही लावा, तुमचा भूषण!" आपल्या इथल्या संघाविरुद्धचीच मॅच होती. शेवटचा डाव चालू होता. बाबांना चॅनेल सापडेना, मला चष्मा सापडेना. आजी पुढे सरकून अगदी टीव्हीला नाक लावून बसल्या. कॅमेरा तुझ्याकडे एकदाच वळला, तोही लांबून. करंगळीच्या नखाएवढा होतास. मी म्हटलं, हा कशावरून तो? त्या म्हणाल्या, "कमरेवर हात बघ. त्याचे आजोबा असेच उभे राहायचे, रेशनच्या रांगेत."

मग डाव संपला. मी फोन उचलला तर त्यांनी खाली ठेवायला लावला. "तो सांगेल. त्याचं आहे ते, त्याला सांगू दे."

तू सांगितलं नाहीस. महिनाभराने तू हवा कळवलीस.

मी त्यांना म्हटलं, आत्या, आता शब्द पुरा झाला, तिकीट काढते. तर म्हणाल्या, "मी निघाले तर त्याला कळेल मला माहीत आहे ते. मग त्याला वाटेल आपलं मोठं मैदान ते एवढंच. ज्याअर्थी लपवतो त्याअर्थी त्याला आणखी हवं आहे. खेळू दे." म्हणून त्या थांबल्या आहेत. कोणाला दिसू नये म्हणून शेजारच्या देवदत्तच्या आईकडे जाऊन कौतिकामावशींना फोन करतात आणि लाल डोळ्यांनी परत येतात. विचारलं तर म्हणतात, एसीचा वारा लागला.

आणि तू कशासाठी थांबला आहेस? खांद्यात सुया टोचून घेऊन डुकरांच्या मधे खेळतो आहेस ते तुला हवं आहे म्हणून, की आजीच्या त्या माइकसाठी? खरं सांग. तिच्यासाठी असेल तर ऐक, ती तुझ्यासाठी थांबली आहे. म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत दारात उभे आहात, आणि मधे माझं बोट चेमटतं आहे.

अठ्ठावीस सप्टेंबरच्या विमानात जागा आहे. मी धरून ठेवली आहे. त्या दसऱ्याला तिथे नसल्या तर मला काही म्हणणार नाहीत, मुकाट भांडी पुसतील. ते मला बघवणार नाही.

तुझी
आई


फार्गो
१५ ऑगस्ट २००६

प्रिय आजी,

आईचं पत्र मिळालं. तिने तुला न सांगता लिहिलं म्हणून तिला बोलू नकोस. बोलायचंच असेल तर हे पत्र तिने पूर्ण वाचून झाल्यावर बोल.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. दोन खेळाडू एकदम जखमी झाले म्हणून मला दुपारी फोन आला, संध्याकाळी मी तिथे. आठ डाव बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्या. नवव्याला कोच म्हणाला, जा, उजवीकडे. मी धावत गेलो. आजी, ते गवत! कस्तुरचंद पार्कवर असं गवत असतं तर आम्ही खेळलोच नसतो, झोपलो असतो. हजारो माणसं, दिवे, आणि मी. मनात म्हटलं, एक चेंडू येऊ दे, एकच, पकडला की फोन करतो.

एकजण बाद झाला. दुसरा बाद झाला. तिसऱ्याने डावीकडे मारला आणि तिकडच्याने पकडला. संपलं. माझ्याकडे चेंडू आलाच नाही. सकाळी परत पाठवलं. आता फोन करून काय सांगणार होतो? आजी, मी मोठ्या मैदानात उतरलो आणि उभा राहिलो? माइकवर टाळ्या घेतल्या होत्यास तू. त्या टाळ्यांना शोभेल असं काहीतरी करून मग सांगू म्हटलं. म्हणून आणखी एक वर्ष खेळलो. खरं सांगायचं तर मला त्याच्याही आधीपासून पुरे झालं होतं. वळणारा चेंडू अजूनही गेल्यावरच दिसतो.

तू मला कमरेवरच्या हातावरून ओळखलंस हे वाचलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. मी पत्र गाडी चालवताना वाचत होतो हे आईला वाचून दाखवू नकोस. अरे, ती तर तुलाच वाचून दाखवते आहे.

काल शर्ट परत केला. रॉयला हो म्हटलं. अठ्ठावीसला विमानतळावर तुला मी सोडणार. तुझ्या जागा धरण्यात माझ्यामुळे उशीर झाला आहे, तेव्हा बॅग मी उचलणार. दुसऱ्या खांद्याने.

तुझा
भूषण


इंदोरा, नागपूर
८ ऑक्टोबर २००६

चि. भूषण, जय भीम.

लिहिणारी बदलली आहे. ही कौतिकाची नात, उपासना. मध्येच काही खरडत नाही, सांगितलं तेवढंच लिहिते. त्यामुळे पत्राला जरा चव कमी आहे. तुझ्या आईला सांग. किंवा नको सांगू, चढून बसेल.

तुला विमानतळावर सांगायचं राहिलं. निघायच्या आधीच्या रविवारी मी हॉलमध्ये पुन्हा माइक घेतला. म्हटलं, नातू मोठ्या मैदानात उतरला, मी चालले. फ्रिस्कोच्या बाईंनी विचारलंच, "किती वेळ हो?" एक डाव. "मग, पकडला का चेंडू?" आलाच नाही. "आला असता तर?" मी म्हटलं, "आला असता तर त्याने पकडला असता, बाई. तुमचा डॉक्टर जो येईल तोच रोगी बरा करतो, न आलेला नाही करत." जोरात हसल्या. आणि उठून डब्यात भात बांधून दिला, प्रवासाला. मनाने वाईट नाही रे ती, फक्त विचारते फार.

आता दसऱ्याचं. आम्ही आदल्या संध्याकाळीच निघालो, मी, कौतिका आणि उपासना. पांढरी लुगडी नेसून, पोळी-चटणी बांधून, सतरंजी घेऊन. आणि तिथे पोचतो तर काय, आमच्या आधी अख्खा महाराष्ट्र येऊन बसलेला! रेल्वेने, ट्रकने, पायी. कौतिका म्हणाली, "चल, घुसू." दोन म्हाताऱ्या घुसायला लागल्या. लोक चांगले, वाट देतात, पण वाट देणाऱ्याच्या मागे दुसरा उभाच. थोडं पुढे गेलो, गर्दीने तेवढंच मागे आणलं. शेवटी एका पुस्तकांच्या दुकानाशेजारी सतरंजी टाकली. तिथून स्तूप दिसत नव्हता. माणसांची डोकी दिसत होती आणि भोंगा ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कौतिका रडायला लागली, पन्नास वर्षांनी पुन्हा तिथेच. मला मात्र हसूच आवरेना. उपासनाला वाटलं, आजीला ऊन लागलं. मी तिला म्हटलं, माझा नातू मोठ्या मैदानात गेला तेव्हा त्याच्याकडे चेंडू आला नाही. माझ्याकडेही नाही आला, दोन्ही वेळा. पण उद्या कोणी विचारलं, मैदानात होतीस का, तर मला खोटं बोलावं लागणार नाही.

कूलर काढून खोली रिकामी केली. मोगरी म्हणून बॅट आणली ती बघायला गल्ली जमते.

आजी


सॅन अँजेलो, टेक्सास
१३ एप्रिल २००८

प्रिय आजी,

उपासनाला जय भीम सांग. मोटेलच्या खोलीतून लिहितो आहे. आता संघाच्या बसऐवजी माझ्या गाडीने फिरतो, एवढा फरक. बाकी तेच, गावोगाव.

काम असं. शाळा-कॉलेजच्या मैदानावर जाळीमागे घडीची खुर्ची टाकून बसतो. आजूबाजूला माझ्यासारखेच चारपाच जण, हातात वेग मोजायचं यंत्र, तोंडात बिया. पोराचं पळणं, फेकणं, मारणं, प्रत्येकाला गुण द्यायचे. गुण वीस ते ऐंशी. ऐंशीच्या वर कोणी जात नाही, आणि कितीही वाईट असला तरी विसाच्या खाली कोणी जात नाही. रॉय म्हणतो, वीस हे मैदानात आल्याबद्दल असतात.

मी अजून कोणी मोठा शोधलेला नाही. ज्यांना 'हो' म्हटलं त्यांतले बहुतेक दहातून दोनदाच मारतात, म्हणजे माझी परंपरा चालवतात. 'हो' लिहिणं सोपं आहे. 'नाही' लिहायला मला वेळ लागतो. बाकीचे गाड्या चालू करून निघून जातात आणि मी खुर्ची घडी न करता बसून राहतो. पोरगा येऊन हात मिळवतो, 'थँक यू सर' म्हणतो. त्याच्या घरचे लांब उभे असतात, माझ्या चेहऱ्याकडे बघत. काय बोलावं कळत नाही, आजी. तू सांग.

रिकामा वेळ होता म्हणून तुझे गुण काढले. पळणं वीस. फेकणं तीस, कारण तू मला एकदा लाटणं मारलं होतंस आणि ते लागलं होतं. जीभ ऐंशी.

तुझा
भूषण


इंदोरा, नागपूर
४ मे २००८

चि. भूषण, जय भीम.

फेकणं तीस हा अन्याय आहे. तू वाकला होतास, तरी लागलं.

विसाच्या खाली कोणी नाही, हे मला फार आवडलं. उपासनाकडून तेवढंच तीनदा वाचून घेतलं. आमच्या वेळी असं कोणी ठरवलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या दसऱ्याला म्हाताऱ्यांसाठी पुढे खुर्च्या मांडल्या होत्या. स्वयंसेवक पोरगी हाताला धरून न्यायला आली, "आजी, चला ना पुढे." कौतिका गेली टुणकन. मी म्हटलं, माझी जागा त्या पुस्तकवाल्याशेजारी आहे, तो वाट बघत असेल. आणि तो खरंच बघत होता. चहा सांगून ठेवला होता मेल्याने. पुढे गेले असते तर चहा बुडाला असता.

आता तुझं काम. ज्या पोराला 'नाही' लिहितोस त्याच्याशी काय बोलावं, विचारतोस. मला कुठे तुझा खेळ कळतो? पण माझी मोगरी परवा चिरली. लुगडं बडवता बडवता उभी चीर गेली, आणि तुझ्याकडे आता फुटक्या बॅटी नसणार. तेव्हा असं कर. त्या पोरालाच विचार, बाबा, तुझी एखादी फुटकी बॅट आहे का, माझ्या आजीला हवी आहे. चांगल्या पोराची मागू नको, त्याच्याकडे सगळेच काहीतरी मागत असतील. ज्याला 'नाही' लिहिलंस त्याचीच माग. निदान त्या दिवशी कोणी त्याच्याकडे काही मागितलं, असं तरी होईल.

आणि पार्सलवर त्याचं नाव लिही. मला वाचता येणार नाही, पण उपासना वाचून दाखवील, आणि लुगडं धुताना मी त्याला नावाने हाक मारीन.

आजी